वधूच्या मातोश्री तुळशीपाशी

आमच्या भजनी मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. स्मरणिका म्हटली की मुलाखत हवी आणि मुलाखत म्हटली की मोठं माणूस हवं. बदलापुरात मोठी माणसं पुष्कळ आहेत, पण ती सकाळीच मुंबईला जातात आणि परत येतात तेव्हा त्यांच्यात बोलण्याएवढं मोठेपण शिल्लक नसतं. शेवटी आमच्या अध्यक्षा श्रद्धाताई म्हणाल्या, "आपल्या कुमुदिनीचीच घेऊ या. ती घरी सापडते."

घरी सापडते, ही तिची पात्रता. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते, ही माझी. श्रद्धाताईंनी प्रश्न लिहून दिले, मी फोनवर रेकॉर्ड करून आणलं, आणि छापून आलं तेव्हा त्याचं अर्धं पान झालं होतं. उरलेल्या अर्ध्यात मिक्सर दुरुस्तीची जाहिरात आहे. जाहिरातीबद्दल तक्रार नाही, माझाही मिक्सर तिथेच दिलाय. पण सांगण्यासारखं होतं ते राहूनच गेलं. ते इथे लिहिते.

कुमुदिनीला तुम्ही पाहिलं नसेल, पण आमच्या भागात राहत असाल तर ऐकलं नक्की असेल. आमच्याकडे घंटागाडी गाणं वाजवत येते, "ओला वेगळा, सुका वेगळा, ऐका हो ताई". त्याचे शब्द, चाल आणि आवाज, सगळं हिचं. गाडी आली की तिसऱ्या मजल्यावरून डबा घेऊन धावणाऱ्या बायकांत हीसुद्धा असते. स्वतःच बोलावते आणि स्वतःच उशिरा पोचते. एकदा गाडीवाला तिला म्हणाला, "आंटी, टाइम पे आया करो. गाना सुनाई नहीं देता क्या?"

तिच्या मिस्टरांनी, दिनानाथभाऊजींनी, हौसेने कार्ड छापून घेतलंय. 'सौ. कुमुदिनी, अष्टपैलू गायिका व संगीतकार.' आठ पैलू कुठले, असं मी एकदा विचारलं होतं. तिने बोटांवर सात सांगितले. बारशाचे पाळणे, डोहाळजेवणाची गाणी, हळदीची गाणी, मंगलाष्टकं, चौदा एप्रिलला अंबरनाथच्या बायकांच्या गटाला बसवून द्यायची भीमगीतं, उल्हासनगरातल्या सिंधी लग्नांत गायचे लाडे आणि दुकानांच्या जाहिराती.

"आठवा?"

"स्वयंपाक," ती म्हणाली. "तो रोजचा, म्हणून कार्डावर नाही घातला."

मी मुलाखतीला गेले तेव्हा ती भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसली होती. मी फोन मध्ये ठेवला, बटण दाबलं आणि मीही सोलायला घेतले. रिकाम्या हाताने प्रश्न विचारणं मला जमत नाही.

"आपल्या सृजनशील प्रवासाची सुरुवात कुठून झाली?" मी वाचलं.

"सृजनशील म्हणजे काय गं, विठाताई?"

"आधी नव्हतं ते करणं, असं असावं."

"मग हे बिरडंच लिही. सकाळी नव्हतं." थोडं थांबून म्हणाली, "अंबरनाथला. बाबा सरकारी कारखान्यात कामगार. कारखान्याचा भोंगा झाला की ते पेटी काढून बसायचे आणि भोंग्याचा सूर शोधायचे. काळी चारच्या जरासा खाली. पट्टीत सापडायचा नाही. बाबा म्हणायचे, हा सरकारी सूर आहे, ह्याला कुठलीच पट्टी लागू नाही. मी त्याच्यावरच सा लावायला शिकले. म्हणून माझं सगळं असंच, दोन पट्ट्यांच्या मध्ये."

"गुरू कोण?"

"बाबा. आणि भोंगा."

मी पुढचा प्रश्न वाचला. "कलाकाराला योग्य ती ओळख मिळते, असं आपल्याला वाटतं का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. उल्हासनगरचे एक कापडवाले होते, लछूभाई. हिचे हात वालाचे, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"दीदी, नमस्ते. वो 'दुकान बंद हो रहा है' वाला फिर से बोल दो ना. रिक्षा पे लगाने का है."

"भाईसाब, वो तो दिया था."

"दिया था, दिया था. पण त्यात तुम्ही खुशी में बोला. दुकान बंद होतंय, दीदी. थोडा रोके बोलो. लोगों को दया आनी चाहिए."

"बरं. रोते-रोते देते शाम तक."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "पाच वर्षं बंद होतंय ते दुकान. मध्ये वर एक मजला चढवला." मग तिथल्या तिथे, वाल सोलता सोलता, तिने घसा जरा दाबून म्हणून पाहिलं, "आखरी मौका, आखरी मौका." माझ्या डोळ्यात पाणीच आलं. मला त्या दुकानातून काही घ्यायचं नव्हतं, तरी.

"ओळखीचं काय?" मी प्रश्नावर परत आले.

"आवाजाला ओळखतात. माणसाला कशाला ओळखायला हवं? उल्हासनगरच्या स्टुडिओत मी डमी गायची. म्हणजे गाणं बसवायला आधी मी गायचं, मग नाववाली बाई येणार, माझं ऐकून तसंच गाणार, आणि माझं पुसून टाकणार. एकदा तिला एक जागा येईना, तर तेवढी माझीच ठेवली. ते गाणं कुठे लागलं की मी तेवढीच जागा ऐकते. मला पुरते."

हे ती कुरकुर म्हणून बोलली नाही. साखर संपली हे सांगावं तसं बोलली.

मंगलाष्टकांवर मात्र तिची कळी खुलली. आमच्याकडे नुसती पोथीतली मंगलाष्टकं आता कुणाला पुरत नाहीत. वधूवरांची नावं, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, सगळी त्यात बसवून लागतात. कुमुदिनी ती बसवते, चाल लावते आणि उभी राहून गाते. हॉलवाले तिलाच बोलावतात, कारण तिच्या हातून कुणाचं नाव राहत नाही. नाव राहिलं की काय होतं ते तिने पाहिलंय. एका लग्नात धाकट्या आत्याचं नाव राहिलं, तर ती बाई जेवली नाही, आणि ती जेवली नाही म्हणून तिच्याकडची सगळी पंगत उठली. ते मात्र दुसऱ्या गायिकेने गायलेलं लग्न होतं, हे कुमुदिनी आवर्जून सांगते.

"नावं बसवणं म्हणजे डब्यात पोळ्या बसवणं," ती म्हणाली. "काही बसतात, काही दुमडाव्या लागतात. पुरुषोत्तम असला की शेवटी काना लावावाच लागतो. पुरुषोत्तमा! लावला की ते काका 'काय हो?' म्हणून उभे राहतात."

"आणि जागा कमी पडली तर?"

"तर आईचं नाव गाळते."

"आईचं?"

"मुलीच्या आईचं. ती ऐकायला कुठे असते? ती तुळशीपाशी असते. तक्रार कोण करणार?"

हे खरंच होतं. आमच्यात लग्न लागताना मुलीच्या आईने बघायचं नसतं. ती मागे जाऊन तुळशीला पाणी घालत बसते. मंगलाष्टकं संपेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. माझ्या मोठीच्या लग्नात मीही बसले होते. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, नुसत्या टाळ्या ऐकून मी तांब्या खाली ठेवला, तर त्या टाळ्या फेटा बांधून झाल्याच्या होत्या. परत उचलला.

शेवटचा प्रश्न होता, "सध्या कोणत्या नव्या निर्मितीत आपण गुंतला आहात?"

कुमुदिनीने वालाचं ताट बाजूला सरकवलं.

"चैत्रालीची मंगलाष्टकं," ती म्हणाली. "लिहून झाली. चाल झाली. चांगली झालीयेत गं. आतापर्यंत दुसऱ्यांच्या मुली उजवल्या, त्यात हात बसवून घेतला असं वाटतंय, इतकी चांगली झालीयेत."

चैत्राली तिची एकुलती एक. ऐरोलीला नोकरी. लग्न मार्गशीर्षात, अंबरनाथच्या वरदशी.

"मग?"

"मग काय? मी मुलीची आई. मी तुळशीपाशी."

आणि ती हसायला लागली. मला आधी कळेना. मग आठवलं. प्रत्येक लग्नात, पहिला सूर लावण्याआधी, माइकवरून हीच बाई जाहीर करते, "वधूच्या मातोश्रींनी कृपया तुळशीपाशी जावं." इतक्या गोड आवाजात की बायका उठून चालायलाच लागतात. इतकी वर्षं तिने बदलापुरातल्या आयांना मागच्या दाराच्या वाटेला लावलं होतं, आणि आता तिचा नंबर आला होता.

"विहीणबाईंना विचारून बघ की."

"विचारलं. चैत्राली म्हणते सासू फार ओपन-माइंडेड आहे. आहेच. मला म्हणाल्या, तुमचं गाणं हवंच, कुमुदिनीताई, रेकॉर्ड करून द्या, आपण स्पीकरवर लावू. तुम्ही मात्र तुळशीपाशी, आमच्यात मोडलेलं नाही."

"मग दे रेकॉर्ड करून."

"तीनदा केलं. जमत नाही." आता तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "मंगलाष्टक असं घरात बसून गाता येत नाही, विठाताई. मुहूर्त यायला वेळ असला की ओळ ओढावी लागते, आला की सोडावी लागते. गुरुजींचा हात, अंतरपाट, पोरीची मान, हे बघून गायचं असतं. रेकॉर्ड काय बघणार? ती संपायची तेव्हा संपेल. आणि माझी पोर तिथे उभी असेल, आणि मी तिला आधीच गाऊन ठेवलेलं? शिळं?"

फोन अजून चालूच होता. हा भाग श्रद्धाताईंनी 'कौटुंबिक' म्हणून काढून टाकला.

संध्याकाळी दिनानाथभाऊजी आले. ते फार बोलत नाहीत. बॅग ठेवली, पाणी प्यायले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रेकॉर्डिंगचा आवाज कुठून येतो?"

"स्पीकरमधून," कुमुदिनी म्हणाली.

"आणि माइकचा?"

"स्पीकरमधून."

"मग झालं." आणि ते हातपाय धुवायला गेले.

माइक तुळशीपाशी नेला की झालं, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुरुष कधीकधी असं काहीतरी बोलून जातात आणि नंतर त्यांनाही ते आठवत नाही.

तरी मला देवाधर्माचं बघायला हवं होतं. रूढी मोडून पोरीच्या संसाराला काही लागायला नको. मी लग्न लावणाऱ्या गुरुजींना फोन केला. ते माझ्याकडे सत्यनारायणाला येतात, त्यामुळे मोकळं बोलतात.

"शास्त्रात नाही हो हे, रूढी आहे," गुरुजी म्हणाले. "आणि रूढी काय आहे, आईने बघायचं नाही. तोंड उघडायचं नाही, असं मी तरी ऐकलेलं नाही. उलट ती रेकॉर्ड नको. मागच्या महिन्यात एका हॉलवर रेकॉर्ड लावली, ती मुहूर्ताआधीच संपली. मग काय करता? त्या पोराने परत पहिल्यापासून लावली. त्यात मध्ये जाहिरात आली. नवरा-नवरी अंतरपाटाआड उभी आणि वर बनियनची जाहिरात."

"म्हणजे चालेल?"

"तुळशीपाशी बसा, धार तुटू देऊ नका, आणि गा. मी हात वर ठेवला की ओढा, खाली आणला की सोडा. कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"मीही नाही," मी म्हटलं.

"कुणी विचारत नाही," गुरुजी म्हणाले. अनुभवी माणूस.

रात्री देवापाशी निरांजन लावताना मी विठ्ठलालाही सांगितलं. त्याचे हात कमरेवरच होते. नको असतं तर काहीतरी कळलं असतं.

लग्नाचा हॉल अंबरनाथला होता. विहीणबाईंची माणसं त्याच कारखान्यातल्या ऑफिसरांपैकी. बोलता बोलता त्या कुमुदिनीला म्हणाल्या होत्या, "तुम्ही पण इथल्याच ना? आम्हाला त्या भोंग्याचा फार त्रास व्हायचा." कुमुदिनी म्हणाली होती, "आम्हाला उपयोग व्हायचा."

हॉलच्या पॅकेजमध्ये तुळस होती. मी सकाळीच जाऊन पाहून आले, तर प्लॅस्टिकची. वृंदावन फायबरचं, आत लाल बल्ब. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पाणी घातलं तरी चालतं, वॉटरप्रूफ आहे." मी तशीच रिक्षाने परत बदलापूरला गेले, माझ्या गॅलरीतल्या तुळशीला हळदकुंकू वाहिलं, तुला जरा बाहेर न्यायचंय म्हणून सांगितलं आणि रंगाच्या डब्यातली ती तुळस मांडीवर घेऊन आले. रिक्षावाल्याने प्रत्येक खड्ड्यात मागे वळून पाहिलं, पण ते तुळशीसाठी नव्हतं, सीटवर माती सांडतेय का म्हणून.

तुळस ठेवली मागच्या पॅसेजमध्ये, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला जनरेटर. त्या दिवशी नेमकं पाणी यायचं नव्हतं. बारवी धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला त्याची खबर असेलच असं नाही. हॉलच्या टाकीने सकाळीच तळ दाखवलेला. शेवटी पिण्याच्या पाण्याचे थंडगार जार होते त्यातला एक मी ओढून आणला.

साउंडवाला मुकेश घरच्यासारखाच. त्याची आई अंबरनाथच्या भीमगीतांच्या गटातली, कुमुदिनीकडून गाणी बसवून घेणारी. त्याने बिनवायरचा माइक आणून दिला, नवीन सेल टाकून दाखवले आणि तुळस, तांब्या, जार असा सगळा थाट बघून डोकं खाजवलं.

"मावशी, एक विचारू? माझ्या बहिणीच्या, मैत्रेयीच्या लग्नात आई तिच्या बाजूलाच उभी होती. त्रिशरण पण तिनेच म्हटलं. तुमच्यात आईला इकडे किचनमध्ये काय पाठवतात?"

"बघू नये म्हणून," मी म्हटलं.

"कशाला, पण?"

मी तांब्या भरायला घेतला. कुमुदिनी म्हणाली, "आई बघत बसली तर सोडणार नाही, म्हणून असेल. तू सेल बघितलेस ना?"

"एकदम कडक. बिनधास्त गावा."

आत सगळे जमले. विहीणबाई पहिल्या रांगेत. नवरा वेळेआधी येऊन उभा राहिला. लग्नाच्या इतिहासात असा नवरा मी पाहिला नव्हता. त्यामुळे गुरुजींना सुरुवातही लवकर करावी लागली. मी पॅसेजच्या दारात उभी राहिले, एक डोळा गुरुजींवर आणि एक कुमुदिनीवर. तिने पैठणीचे काठ वर खोचले, पाटावर बसली, डाव्या हातात माइक, उजव्या हातात तांब्या. आणि सवयीने तोंडातून गेलंच, "वधूच्या मातोश्रींनी कृपया..." मग जीभ चावली.

ते स्पीकरवर गेलं. आत कुणी दचकलं नाही. कुणीतरी म्हणालं, "हो, हो, गेल्या त्या."

मग ती गायला लागली.

मी भजनं पुष्कळ ऐकलीत, गाते. गाण्यातलं मला थोडंफार कळतं. पण धार धरून गाणं मी पहिल्यांदा पाहिलं. ओळ लांबली की धार बारीक करायची, श्वास घेताना तांब्या कलता ठेवायचा, तांब्या हलका झाला की मी जारमधून वर भर घालायची. आजोबा आले, आजी आल्या, विहीणबाईंच्या बाजूचे तिन्ही मामा आले, आत्या आल्या, पुरुषोत्तमा आले. आत मधल्या रांगेतून एक काका उठून उभे राहिले ते मला दिसले. त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

आठवं कडवं संपलं. मी गुरुजींकडे पाहिलं. हात वर.

"ओढ," मी खुणेने सांगितलं.

तिने ओढली. शेवटची ओळ तीन चालींत फिरवून आणली. गुरुजींचा हात वरच. माइक पदराखाली झाकून ती कुजबुजली, "विठे, किती?"

"अजून आहे."

"नावं संपली गं माझी सगळी."

"काहीतरी गा. धार बघ."

तांब्यातलं पाणी डब्यातून वाहून तिच्या पायांखाली, तिथून स्वयंपाकघराकडे चाललं होतं. बर्फासारखं पाणी, बोटं लाल झाली होती. पैठणी गुडघ्यापर्यंत भिजलेली. ती तुळशीकडे बघत राहिली. मग माइक वर घेतला आणि मी कधी न ऐकलेलं तिने सुरू केलं:

पाणी घालत राहिली तुळशिला, तोडी न धारा जरा,
आई दूर उभी असे कुमुदिनी, कुर्यात् सदा मंगलम्।

बसलेली होती, पण गाण्यात उभी. तेवढी सूट कवींना असते.

मी आत पाहिलं. अंतरपाटाआड चैत्राली खाली मान घालून उभी होती. तिलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. 'कुमुदिनी' ऐकलं आणि तिची मान वळली. थेट आमच्या पॅसेजकडे. मागे उभा असलेला तिचा मामा म्हणाला, "समोर बघ गं." ती समोर बघेना. स्वतःचीच मुंडावळी हाताने बाजूला करून ती दाराकडे बघत राहिली, आणि दारात मी उभी, हातात रिकामा जार.

"काय करतेय?" कुमुदिनीने खुणेने विचारलं.

"इकडे बघतेय," मी सांगितलं.

तिने तीच ओळ परत घेतली. मग आणखी एकदा. गुरुजींचा हात एव्हाना खाली आला होता, पण ते मी तिला सांगायला थोडा उशीर केला. गुरुजींनी माझ्याकडे डोळे वटारले, तेव्हा सांगितलं. तिने ओळ सोडली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि तांब्यातला शेवटचा थेंब तुळशीवर पडला.

कुमुदिनीने माइक पाटावर ठेवला आणि भिजल्या पदरानेच तोंड पुसलं. मुकेश आतून धावत आला. "मावशी, खतरनाक! पण ते शेवटचं कडवं आधी नव्हतं ना?"

"नव्हतं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. "लिहून घे, विठाताई. सृजनशील."

पोरीला आणि जावयाला डोळे भरून बघून आली, मग जेवणाच्या पंगतीत विहिणींना आग्रह करायला ती तशीच ओल्या काठांनी फिरत होती. विहीणबाईंनी तिचा हात धरला.

"कुमुदिनीताई, रेकॉर्डिंग फार सुरेख झालं हो. अगदी कुणी समोर बसून गातंय असं वाटत होतं. तुम्ही असायला हवं होतं ऐकायला."

"मला मागे येत होतं थोडं थोडं," कुमुदिनी म्हणाली.

मी श्रीखंड वाढत होते. कुणी मला काही विचारलं नाही, त्यामुळे मला खोटं बोलावं लागलं नाही.

विहीणबाईंच्या शेजारी वरदची मामी बसली होती. तिला एक शंका होती. "पण काय हो, आमच्या सगळ्यांची नावं त्यात कशी आली?"

पलीकडून वरदची चुलतबहीण ऋतिका फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "मामी, हल्ली ॲप असतं. नावं टाकायची, एआय गातं."

"पण ते तुळशीला पाणी घालणं? ह्यांचं नाव? ते त्याला कसं कळलं?"

"लोकेशन ऑन असेल."

"बघा बाई," मामी म्हणाली. समोरून पुरुषोत्तमकाका म्हणाले, "मला तर हाक मारली त्याने."

मामीने कुमुदिनीला जरा बाजूला बोलावलं. तिच्या मुलीचं लग्न माघात होतं. गायिका बोलवायची तर त्यांची नाटकं फार, असं तिने ऐकलं होतं. ॲप मिळालं तर बरं.

कुमुदिनीने कमरेची छोटी पर्स उघडली. कार्डं होती त्यात, 'अष्टपैलू' लिहिलेली. ती तिने परत आत सरकवली आणि तोंडी नंबर सांगितला. मामीने लिहून घेतला, 'मंगल ॲप' म्हणून सेव्ह केला.

"कधी पण चालतं?"

"दुपारी झोपतं. चारनंतर करा."

मामी मान हलवून जायला निघाली आणि परत वळली. आता तिचा आवाज जरा खाली आला होता.

"ह्यात मुलीच्या आईचं नाव घालता येतं का हो?"

कुमुदिनीने ओला पदर पिळला.

"आधी नव्हतं येत," ती म्हणाली. "आजपासून येतं."